गाडीच्या दाराचं लॉक घरीच दुरुस्त केलं, त्याची गोष्ट

थंडी सुरू झाली की इथे मॅसॅच्युसेट्समध्ये गाड्यांची दुखणी वर येतात. यंदा आमच्या गाडीच्या ड्रायव्हर साइडच्या दाराचं सेंट्रल लॉक बिघडलं, रिमोट दाबला की बाकीची दारं खटकन लागायची आणि हे एक ढिम्म. पुण्यात असते तर कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये "दादा, जरा बघता का" म्हटलं असतं. इथे मजुरी तासावर, तासाचे शंभर डॉलर सहज होतात, पार्टचे पैसे वेगळेच. एका गॅरेजला फोन केला तर गाडी न बघताच "अॅक्चुएटर गेलाय, बदलावा लागेल" म्हणाले. नवरा म्हणाला, अगं टाकूया ना, कशाला थंडीत उद्योग. पण मला ते पटेना, कारण नेमकं काय बिघडलंय हे कळल्याशिवाय पार्ट घ्यायचाच कशाला?

अॅक्चुएटर म्हणजे दाराच्या आत बसवलेली छोटी मोटर. तिला दोन वायरी, करंट एका दिशेने गेला की लॉक लागतं आणि उलटा गेला की उघडतं. बाकीची दारं लागतायत म्हणजे रिमोट ठीक, फ्यूजही बहुतेक ठीक. मग दाराला कान लावला. मोटर घरघरत असेल पण लॉक हलत नसेल तर आतले प्लास्टिकचे गिअर झिजलेले असतात, इथे तर आवाजच नाही. आणि एक गंमत दिसली, दार सताड उघडून पलीकडच्या दारावरचं बटण दाबलं की लॉक चालायचं, दार मिटत आणलं की बंद! मोटर बिघडली असती तर दाराच्या कोनाने तिला काय फरक पडणार होता?

तरी खात्री करायला आतलं पॅनल काढलं. स्क्रू काढायचे आणि क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने उचकटायच्या, लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने तुटतात. दारातल्या पिवळ्या कनेक्टरला अजिबात हात लावू नका, ते सहसा एअरबॅगच्या सर्किटचे असतात. मोटरचा कनेक्टर काढून तिथे साधा बल्बवाला टेस्ट लॅम्प लावला. मल्टिमीटर इथे फारसा कामाचा नाही, कारण करंट जेमतेम क्षणभर येतो आणि मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत संपतोही. दार उघडं असताना बल्ब लागला, अर्धं मिटल्यावर नाही.

म्हणजे दोष दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत. सगळ्या वायरी तिथूनच जातात, दार उघडलं-मिटलं की प्रत्येक वेळी वाकतात, आणि ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडतं. रबर मागे सरकवलं तर वायर वरून धडधाकट दिसत होती, हलकेच ओढली तर रबरबँडसारखी ताणली गेली, आत तांबं तुटलेलं.

बॅटरी काढली, तुटका भाग कापून लवचिक वायरचा नवा तुकडा घातला. सोल्डर करायच्या आधी हीट-श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आकसून घट्ट बसणारी नळी, वायरवर चढवायची, आणि जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर घ्यायचे, कारण सोल्डर केलेली जागा कडक होते आणि तिथेच परत तुटते.

वायरिंगचा नकाशा मिळाला म्हणून हे जमलं. या राज्यात 2012 मध्ये लोकांनी मतदान करून 'राइट टू रिपेअर' मंजूर केलं, कंपन्यांनी आपल्या डीलरना दिलेली दुरुस्तीची माहिती मालकाला आणि बाहेरच्या गॅरेजलाही द्यायची. मला हा कायदा मनापासून आवडतो, गाडी आपली तर ती उघडायचा हक्कही आपला, आणि आपल्याकडे तर खोलून बघणारे हात गल्लोगल्ली आहेत.

दार बंद करण्याआधी एक मात्र नक्की करा. ते उघडं असतानाच लॅच, म्हणजे दाराच्या कडेची अडकणारी कडी, स्क्रू-ड्रायव्हरने दाबून अडकवा, लॉक-अनलॉक करा आणि हँडल ओढून लॅच सुटतो का बघा. तपासणी न करता दार लावलं आणि ते आतून अडकलं, तर उघडायला फार त्रास होतो.