तुम्ही विचारलंत म्हणून: घडीचा चाकू घेताना काय बघायचं

"रोजच्या कामाला खिशात ठेवायला एक साधा, जुन्या पद्धतीचा घडीचा चाकू घ्यायचाय, कुठला घेऊ?" हा प्रश्न मला सतत येतो, आणि त्याच्या शेपटाला दुसरा चिकटलेलाच असतो, "स्टील कुठलं चांगलं?" तर दुसऱ्याचं आधी सांगून टाकतो. स्टीलच्या फार नादी लागू नका. भंगार घ्या असं नाही म्हणत, पण नाव असलेल्या कुठल्याही जुन्या कंपनीचं साधं स्टील रोजच्या कामाला पुरून उरतं. स्विस चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्याचं हार्डनेस 56 रॉकवेलच्या (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप) आसपास असतं, आजकालच्या हौशी लोकांच्या हिशेबात हे मऊच, पण तोच चाकू जगभर लोक रोज वापरतात आणि कुणाचं काही अडत नाही.

कापण्याचं खरं गणित पात्याच्या जाडीत आहे. एक सफरचंद घ्या आणि चार मिलिमीटर जाड पाठीच्या त्या दणकट, मिलिटरी छाप चाकूने कापून बघा. पातं थोडं आत जातं आणि मग कट्‌ असा आवाज येऊन सफरचंद फुटतं, म्हणजे कापलं जातच नाही, पाचर ठोकल्यासारखं उलतं. आता तेच ओपिनेलच्या, म्हणजे लाकडी मुठीच्या साध्या फ्रेंच घडीच्या चाकूच्या, 8 नंबरने कापा. त्याची पाठ दोन मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि तिथून धारेपर्यंत पातं निमुळतं होत जातं, त्यामुळे सरळ खालपर्यंत उतरतं आणि फोड गुळगुळीत निघते. दोन्हींची धार सारखीच असली तरी हा फरक राहतोच. पुठ्ठा, दोरी, पेन्सिल, सगळीकडे हेच. म्हणून चाकू हातात आला की मी आधी तो उजेडात समोरून धरून पातं धारेकडे किती बारीक होत जातंय ते बघतो, कंपनीचा शिक्का नंतर.

पात्याची लांबी सहा ते साडेआठ सेंटिमीटर, बास. त्याहून मोठा खिशात टोचतो आणि चार लोकांत काढला की माणसं दचकतात, आणि कामं तरी काय असतात हो, पार्सलची टेप, सुतळी, फळ, प्लॅस्टिकची पट्टी, उसवलेला दोरा.

आता जुन्या पद्धतीच्या चाकूत खरी गंमत असते ती पाठीमागच्या स्प्रिंगची, आणि दुकानात वेळ घालवायचा तो इथे. या चाकूंना बहुतेक वेळा लॉक नसतं, पात्याच्या बुडावर स्प्रिंग दाबून बसलेली असते आणि तेवढ्याच जोरावर पातं उघडं राहतं किंवा मिटलेलं राहतं. नखाच्या खाचेत अंगठ्याचं नख घालून हळूहळू उघडा. काही चाकूंत अर्ध्यावर, पातं मुठीला काटकोनात आलं की टक्‌ करून थांबा लागतो, मग पुढे ढकलायचं आणि पूर्ण उघडलं की दुसरा टक्‌. आवाज स्वच्छ हवा, गुळमुळीत नको. नख दुखायला लागलं तर स्प्रिंग फार कडक आहे, रोज वापरायला कंटाळाल, आणि नुसत्या झटक्याने पातं आपोआप बाहेर लोंबायला लागलं तर तो चाकू तिथेच ठेवून द्या. मग उघडं पातं डावी-उजवीकडे हलवून बघा, खुळखुळ नको. उजेडाकडे धरून स्प्रिंग आणि पात्याच्या मध्ये फट दिसते का बघा. आणि एक गोष्ट जी फारसं कुणी बघत नाही, मिटलेल्या चाकूचं टोक मुठीत पूर्ण बुडतंय का त्यावरून बोट फिरवा, कारण जरासं जरी वर राहिलं असेल तर खिशाचं अस्तर आठवड्यात जाळी होतं.

लॉक नाही म्हणजे धोका नाही का, असं विचारतात. आहे ना. धारेच्या बाजूने जोर द्यायला हा चाकू उत्तम, पण टोकाने भोकं पाडायला गेलात किंवा पातं कशात अडकवून उलटं ओढलंत तर ते बोटांवर मिटणार, त्या कामाला टोचा वापरा. तरीही जीव धास्तावत असेल तर ओपिनेलसारखा रिंगवाला घ्या. 1890 साली फ्रान्सच्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेलने हा चाकू काढला, पण फिरवून पातं अडकवायची ती रिंग आली 1955 मध्ये, म्हणजे त्याआधी इतकी वर्षं लोक बिनरिंगचाच वापरत होते. 2000 पासून ती रिंग मिटलेलं पातंही अडकवते, पिशवीत टाकायला बरं. एक खोड मात्र आहे, लाकडी मूठ पाणी प्यायली की फुगते आणि पातं निघता निघत नाही. तेव्हा मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचं, पातं जरा वर येतं, मग चिमटीत धरून ओढायचं, त्याच्या गावचे लोक पहिल्यापासून हेच करत आलेत.

कार्बन स्टील की स्टेनलेस, यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत, हाताला घाम येत असेल किंवा चाकू पुसायचा आळस असेल तर गपचूप स्टेनलेस घ्या. कार्बनला धार पटकन लागते, दगडावर घासताना तो छान चावतो हे खरंच, पण लिंबू कापून तसाच मिटून ठेवलात तर दुसऱ्या दिवशी लाल ठिपके. पुसत राहिलात तर मात्र पात्यावर निळसर-करडा रंग चढतो, तो गंज नाही, तो आला की उलट गंज धरायचं प्रमाण कमी होतं, म्हणून घासून चकचकीत करायच्या मागे लागू नका. मला स्वतःला तो रंग चकचकीत पात्यापेक्षा जास्त आवडतो, पण ही झाली आवड.

पाती किती हवीत? एक. फार तर दोन. अमेरिकन स्टॉकमन प्रकारात तीन असतात, एक टोकदार, एक सरळ धारेचं बोथट टोकाचं आणि एक गोलसर, ते गोलसर गुरांच्या खच्चीकरणासाठी होतं, आता तुम्हाला त्याचं काय काम. दोन पाती असली तर एक सोय होते खरी, मोठं पातं टेप-पुठ्ठ्याला झिजवायचं आणि छोटं फळासाठी राखून ठेवायचं. पण पाती वाढली की मूठ जाड होते आणि जाड चाकू शेवटी ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो.

नावं सांगाच म्हणाल तर, पहिला चाकू म्हणून स्टेनलेसचा ओपिनेल 7 किंवा 8 नंबर. लाकूड नको असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचा अॅल्युमिनियम मुठीचा पायोनियर, मिटून 93 मिलिमीटर, टोचा त्यातच येतो आणि स्प्रिंगचा आवाज ऐकण्यासारखा. आणि काहीतरी वेगळं हवं असेल तर जपानचा हिगोनोकामी, वाकवलेल्या पत्र्याची मूठ, ना स्प्रिंग ना लॉक, पात्यामागची छोटी शेपटी अंगठ्याने दाबून धरायची, की झालं. हाडाच्या आणि शिंगाच्या मुठी दिसतात देखण्या, पण फरशीवर पडल्या की तडकायची भीती, त्या हौसेखातर नंतर घ्या.

देखभाल फार नाही. सांध्यात खिशातला कचरा साठतो, तो टूथपिकने काढायचा आणि एक थेंब मिनरल ऑइल, स्वयंपाकाचं तेल नको, ते चिकट होऊन बसतं. धारेला 1000 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीचं माप) एक दगड पुरतो, पातं दगडाला पंधरा-वीस अंशात धरून एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला बारीक कंगोरा उठेपर्यंत, तो अंगठ्याला धारेवर आडवं फिरवून लागतो, कधीही धारेच्या लांबीने अंगठा फिरवू नका. मग बाजू बदलायची, शेवटी हलक्या हाताने आलटून पालटून. जुन्या पट्ट्याच्या कातड्यावर ओढून घेतलंत तर उत्तमच.

प्रवासाचं म्हणाल तर विमानात केबिन बॅगेत चाकू ठेवूच नका, चेक-इनच्या सामानात टाका. लांबीचे आणि लॉकचे नियम देशागणिक बदलतात, जाण्याआधी बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी बिनलॉकच्या छोट्या चाकूला सवलत असते.

आणि डावखुरे असाल तर नखाची खाच नेमकी कुठल्या बाजूला आहे ते आधी तपासा, बहुतेक चाकूंना ती एकाच बाजूला असते आणि उजव्या हाताच्या सोयीने असते. ओपिनेलचं पातं मुठीतून जरा बाहेर असतं, ते चिमटीने निघतं, हिगोनोकामीची शेपटी कुठल्याही हाताने दाबता येते, बाकीचे दुकानातच डाव्या हाताने उघडून बघा.