वाघाची मावशी कुठल्या कपाटात?

परवा दुपारी ग्रंथालयाचा कॅटलॉग चाळताना लक्षात आलं, की वाघ ५९९ या विषयक्रमांकात राहतो आणि त्याची मावशी ६३६.८ मध्ये. वाघ प्राणिशास्त्रात, मांजर पशुपालनात, गाई-म्हशींच्या, शेळ्या-मेंढ्यांच्या रांगेत आणि तेही कुत्र्याला (६३६.७) अगदी खेटून. मांजर पाळलं जातं, ही समजूत मांजर न पाळलेल्या माणसाचीच असणार.

हे आकडे ज्याचे, त्या मेल्विल ड्यूईची पुस्तकं विषयवार लावायची दशांश पद्धत १८७६ साली छापून आली, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. सगळं जग दहा खणांत बसेल असं त्या वयात वाटतंच. भुतं त्याच्या पद्धतीत १३३.१ वर, म्हणजे तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र यांच्या मधोमध. हे मात्र मला फार पटतं. उडत्या तबकड्या तर ००१.९४२, दारातून शिरल्या शिरल्या पहिल्याच कपाटात.

लहानपणी कॅटलॉग म्हणजे कार्डांचे लाकडी खण. कुणी कार्ड उपसून नेऊ नये म्हणून प्रत्येक खणात तळाशी आरपार सळई. मी नावं वाचतच नसे. कार्डांच्या वरच्या कडा बघायचे. जिथे हजार बोटांनी त्या काळवंडलेल्या असत, नेमका तिथेच खण फाकवायचा. चांगलं काहीतरी निघणारच. रहस्यकथा कोळशासारख्या काळ्या, व्याकरण पांढरंशुभ्र. संगणकाच्या पडद्यावर सगळीच पुस्तकं सारखी स्वच्छ दिसतात.

ग्रंथपालबाईंनी आकडे वाचायला शिकवलं. "टिंबानंतर सातशे बावन्न म्हणायचं नाही. सात, पाच, दोन म्हण." म्हणून ६३६.७५२ हे ६३६.८ च्या आधी. बोधांकात, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरच्या खुणेत, आकड्याखालची अक्षरं बहुधा लेखकाच्या नावाची. एवढं कळलं की झालं.

आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ मध्ये वेगळाच मार्ग काढला. लंडनच्या एका दुकानात जोडाजोडीचं मेकॅनो खेळणं बघून त्यांना द्विबिंदू वर्गीकरण सुचलं: तयार खण नकोतच, विषयाचे तुकडे करा आणि हवे तसे जोडा. बुद्धीला ड्यूईपेक्षा हे जास्त पटतं. पण तो लांबलचक बोधांक कपाटापर्यंत जाईतो माझ्या डोक्यात टिकत नाही, त्याला काय करणार?

ड्यूईच्या २०० मध्ये, धर्माच्या खणात, २२० ते २८० एकट्या ख्रिस्ती धर्माला आणि उरलेल्या जगाचे सगळे धर्म २९० मध्ये दाटीवाटीने. साहित्यातही तेच. इंग्रजीला ८२०, फ्रेंचला ८४०, असे ऐसपैस वाडे आणि 'इतर' म्हणून ८९०. मराठी त्यात ८९१.४६. आपली कादंबरी आणखी एक आकडा पुढे, ८९१.४६३. बदलायचं म्हटलं तर जगभरच्या पुस्तकांच्या पाठीवरची लेबलं खरवडून नवी चिकटवावी लागतील. कोण बसणार खरवडत?