हरवलेल्या खाणीचा जेकब वॉल्ट्झ : नोंद सातवी

अमेरिकेतल्या ॲरिझोनातील ‘लॉस्ट डचमन’ या दंतकथेतल्या हरवलेल्या सोन्याच्या खाणीचा मूळ पुरुष मानल्या जाणाऱ्या जेकब वॉल्ट्झच्या कागदपत्रांची साखळी १८४८ पासून १८९१ पर्यंत सलग जुळली आहे, असे मागच्या नोंदीत मी मोठ्या उत्साहाने लिहिले होते. ते विधान आता मागे घेत आहे. चूक माझीच आहे आणि तिला आपल्या लिपीचा हातभार लागला आहे.

मी टिपणे मराठीत काढतो. नाव ऐकू येईल तसे ‘वॉल्ट्झ’ असे लिहून पुढे जात राहिलो. मूळ रोमन लिपीत मात्र हे आडनाव कधी ‘टी’ अक्षरासह, कधी त्याविना, तर कधी ‘वॉल्स’ असे वाचले जाईल अशा रूपात येते. माझ्या वहीत ही सगळी रूपे एकाच शिरोरेषेखाली गोळा झाली आणि एकच माणूस तयार झाला. त्यामुळे गेले तीन आठवडे प्रत्येक टिपणाशेजारी मूळ स्पेलिंग तांबड्या शाईने, अक्षर-अक्षर सुटे करून, लिहून काढत आहे.

अर्थात ‘टी’ असणे किंवा नसणे हा वेगळ्या व्यक्तीचा पुरावा ठरत नाही. जर्मनमध्ये दोन्ही रूपांचा उच्चार एकच होतो आणि इंग्रजीभाषक कारकून कानाला जे लागेल ते लिहीत असे. त्या काळच्या अमेरिकेत जर्मन माणसाला सर्रास ‘डच’ म्हटले जाई, तेव्हा खाणीच्या नावातला ‘डचमन’ही हॉलंडचा नाहीच. स्पेलिंगवरून माणसे वेगळी करता येत नाहीत, हे खरे. पण त्यावरून ती एकही करता येत नाहीत, आणि मी नेमके तेच केले होते.

आता तपशील पुन्हा मांडतो. नॅचेझ, मिसिसिपी येथे १८४८ मध्ये नागरिकत्वाचा इरादा जाहीर करणारा एक जेकब वॉल्ट्झ आहे. लॉस एंजेलिस येथे जुलै १८६१ मध्ये प्रत्यक्ष नागरिकत्व घेणाराही एक आहे. त्या काळी नागरिक होण्याची प्रक्रिया दोन टप्प्यांची असल्यामुळे हे दोन कागद एकाच प्रक्रियेची दोन टोके असणे अगदी शक्य आहे आणि मधली तेरा वर्षे त्याच्या आड येत नाहीत. तरीही शक्यता आणि सांधा यांत फरक असतो, म्हणून ही जोडणी आता पेन्सिलीने तुटक रेषेत दाखवली आहे.

पुढचा भाग अधिक भक्कम आहे. १८६३ पासून ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटच्या परिसरात आणि ब्रॅडशॉ डोंगरांत ‘ग्रॉस लोड’, ‘बिग रिबेल’ आणि ‘जनरल ग्रँट’ या खाणींच्या दाव्यांवर वॉल्ट्झचे नाव येते. १८६४ च्या जनगणनेत तो चौपन्न वर्षांचा जर्मन खाणकामगार म्हणून दिसतो, म्हणजे जन्म १८१० च्या आसपास. १८६८ च्या सुमारास तो सॉल्ट नदीच्या खोऱ्यात १६० एकरांवर स्थायिक झाला. फेब्रुवारी १८९१ च्या पुरात त्याची वाताहत झाली आणि २५ ऑक्टोबरला फीनिक्समध्ये त्याची काळजी घेणाऱ्या ज्युलिया थॉमसच्या घरी त्याचा मृत्यू झाला. जनगणनेतले वय धरले तर तेव्हा तो एक्याऐंशीच्या आसपास होता. एकाच माणसाच्या आयुष्यात हे सारे सहज बसते.

मला खटकते ते वेगळेच. त्याचे नोंदलेले दावे ब्रॅडशॉ डोंगरांतले आहेत; दंतकथेतली खाण मात्र तेथून शंभर किलोमीटरहून दूर, सुपरस्टिशन डोंगरांत आहे. त्या डोंगरांशी त्याला जोडणारे जे काही आहे, ते त्याच्या मृत्यूनंतरचे आहे : ऑगस्ट १८९२ मध्ये ज्युलियाने पेट्राश कुटुंबातल्या मंडळींना घेऊन केलेला खाणीचा निष्फळ शोध आणि त्यानंतर पियरपॉन्ट बिक्नेलसारख्यांनी वृत्तपत्रांत रंगवलेले लेख. १९३१ मध्ये ही खाण शोधायला गेलेला ॲडॉल्फ रुथ तेथे बेपत्ता झाला आणि त्याची कवटी सापडली, तेव्हा कथा देशभर गाजली. पण वॉल्ट्झ नेमका कोण, या प्रश्नाला त्या प्रकरणातून काहीही मिळत नाही. म्हणून ‘कागदातला वॉल्ट्झ’ आणि ‘कथेतला डचमन’ अशी दोन स्वतंत्र पाने केली आहेत. पहिल्या पानावरचा मजकूर दुसऱ्यावर नेताना दरवेळी आधार लिहायचा, असा नियम मी स्वतःला घालून दिला आहे.

राहिला जेकब वायझर. कथेत तो वॉल्ट्झचा भागीदार आहे. अपाची या मूळ अमेरिकन जमातीच्या हल्ल्यात जखमी होऊन तो डॉक्टर वॉकरच्या घरी पोहोचतो आणि मरण्यापूर्वी त्याला खाणीचा ठावठिकाणा सांगतो. दोघेही जेकब, दोघेही जर्मन आणि आडनावांची सुरुवातही सारखीच. एकाच नावाचे ऐकीव रूप पुढे वेगळा माणूस होऊन बसले असावे, याकडे माझा कल आहे. मात्र वॉल्ट्झच्या बाबतीत वेगळी रूपे एकत्र करून फसल्यानंतर इथे लगेच तसेच करण्याची घाई नको. वायझरला तिसरे पान दिले आहे. त्यावर नावाखेरीज आतापर्यंत केवळ वॉकरची कथा आहे, आणि तारखेचा रकाना रिकामा आहे.