पीडीपी-११ वरचं युनिक्स आणि सिंक न करण्याची वेळ

टेप जोडली, बूट केलं आणि स्क्रीनवर एकच चिन्ह उमटलं: =. पुढे काही नाही. टेपवरचा छोटा प्रोग्राम माझ्या आज्ञेची वाट बघत होता.

टेप खरी नव्हती, यंत्रही नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मी लॅपटॉपवर सिमएच घालून घेतलं होतं. जुन्या मिनिकॉम्प्युटरांची नक्कल करणारा हा प्रोग्राम ज्यांनी उभा केला ते बॉब सपनिक स्वतः डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये होते, म्हणजे पीडीपी-११ बनवणाऱ्या कंपनीतच. त्यावर मला बेल लॅब्जच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची १९७५ सालची सहावी आवृत्ती चालवायची होती. २००२ मध्ये कॅल्डेरा कंपनीने जुन्या युनिक्सचा परवाना खुला केल्यापासून ती कुणालाही रीतसर मिळते. रोज लिनक्सचे सर्व्हर सांभाळते मी, पण फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था, आतून कशी उभी असते हे कधी हाताने चाचपून पाहिलं नव्हतं.

पीडीपी-११ ची आरके०५ डिस्क म्हणजे ४,८७२ ब्लॉक, प्रत्येकी ५१२ बाइटचा. सगळी मिळून जेमतेम अडीच मेगाबाइट. त्यातले पहिले ४,००० ब्लॉक फाइल सिस्टिमचे, उरलेले ८७२ स्वॅपचे, म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरायचे. टेपवरून डिस्कवर नक्कलही ब्लॉकांचे आकडे सांगून करायची: आधी बूटचा एक ब्लॉक, मग उरलेले ३,९९९. मग डिस्कवरून बूट केलं, @ आलं, त्यापुढे कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, नाव टाइप केलं आणि # हा प्रॉम्प्ट मिळाला. तो बघून मी घरातल्यांना हाका मारल्या!

सुरुवातीला सगळं कॅपिटल अक्षरांत येतं, कारण समोर फक्त कॅपिटल छापणारा टेलिटाइप आहे असं सिस्टिम धरून चालते. एसटीटीवाय ही आज्ञा देऊन ते बदललं. बॅकस्पेस चालत नाही. चुकलेलं अक्षर खोडायला # आणि अख्खी ओळ रद्द करायला @. डिरेक्टरी बदलायला सीडी नाही, सीएचडीआयआर ही पाचही अक्षरं लिहायची. सी भाषेत += च्या जागी =+. दोन दिवसांत बोटांना सवय झाली.

मग कर्नल बांधायला घेतला. बूट होताना कर्नल मेमरीचा आकडा छापतो, त्याआधी ‘मेम’ असं लिहिलेलं असतं. ते काढून तिथे रोमन लिपीत ‘स्मृती’ लिहायचं, एवढाच माझा बेत. एड या एडिटरमध्ये ती एक ओळ बदलली, फाइल कंपाइल केली, लायब्ररीत घातली, सगळं लिंक केलं आणि तयार झालेली फाइल मुळाच्या डिरेक्टरीत युनिक्स या नावाने ठेवली. रात्रीचा एक वाजला होता. कंट्रोल-ई दाबून सिमएच बंद केलं आणि झोपले.

सकाळी @ पुढे युनिक्स टाइप केलं, तर परत @. पुन्हा केलं, पुन्हा तेच. फाइल नव्हतीच.

मी सिंक केलं नव्हतं, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवायची आज्ञा दिली नव्हती. एरवी अपडेट नावाचा प्रोग्राम दर ३० सेकंदांनी मेमरीतलं डिस्कवर उतरवतो, पण तो सुरू होतो मल्टियूजरमध्ये जाताना, आणि मी आदल्या संध्याकाळपासून सिंगल यूजरमध्येच होते. कर्नलकडे बफर, म्हणजे डिस्कचे ब्लॉक मेमरीत तात्पुरते धरायच्या जागा, मोजून १५. जागा कमी पडली तेव्हा त्यांतले काही ब्लॉक आपोआप डिस्कवर गेले, बाकीचे मेमरीतच राहिले. त्यामुळे डिस्क अर्धी नवी, अर्धी जुनी झाली होती. मूळचा कर्नल मी वेगळ्या नावाने ठेवला होता, म्हणून निदान आत तरी शिरता आलं.

डिस्क तपासून दुरुस्त करणाऱ्या एफएससीके या प्रोग्रामची सवय असलेल्या माणसाला इथे आधार नाही, तो अजून जन्मालाच आलेला नव्हता. त्याच्या जागी दोन प्रोग्राम. आयचेक ब्लॉकांचा हिशेब लावतं, डीचेक डिरेक्टरीतल्या नोंदी आणि लिंकांची संख्या जुळवून बघतं. दोन्हींचा ताळा चुकलेला. कोणताही ब्लॉक कुणाच्या मालकीचा आहे आणि मोकळे कुठले, हे इतक्या उघड्यावर मी पहिल्यांदाच बघत होते. आयचेकला वजा-एस हा पर्याय दिला की ते मोकळ्या ब्लॉकांची यादी नव्याने रचतं. मी तसं केलं, खात्री म्हणून एक छोटी फाइल लिहिली आणि, आता अक्कल आल्यामुळे, तीन वेळा सिंक केलं.

परत तपासलं तर यादी पुन्हा बिघडलेली.

मग मॅन्युअलचं ते पान शांतपणे वाचलं. आयचेक यादी दुरुस्त करतं ती डिस्कवर. चालू कर्नलच्या मेमरीत सुपरब्लॉकची, म्हणजे मोकळ्या ब्लॉकांची यादी जिथून सुरू होते त्या ब्लॉकची, जुनी प्रत तशीच बसलेली असते. मी फाइल लिहिली ती त्या जुन्या यादीतून ब्लॉक घेऊन, आणि सिंक करून तीच जुनी प्रत दुरुस्त केलेल्या यादीवर पसरली. आदल्या रात्री सिंक न केल्याने नुकसान झालं होतं, आज केल्याने झालं. चालू सिस्टिम जिच्यावर उभी असते ती मुळाची (रूट) फाइल सिस्टिम दुरुस्त केल्यावर कशालाही हात न लावता, सिंक न करता, ताबडतोब रीबूट करायचं असतं. हे मला कुणी वर्गात शिकवलं असतं तर परीक्षेपुरतं लक्षात राहिलं असतं.

दुसऱ्या खेपेला आयचेक संपलं, तशी लगेच कंट्रोल-ई दाबली आणि तिथूनच पुन्हा बूट. यादी जुळली. मग कर्नल परत बांधला, ओळीने सिंक केलं आणि डिस्कच्या फाइलची एक नक्कल वेगळी काढून ठेवली.

@ पुढे युनिक्स टाइप केलं. या वेळी एक क्षण थांबून ओळ आली: ‘स्मृती’, मग = हे चिन्ह आणि पुढे आकडा.