त्सुकुशी की जान-दी? एबिसू ते देगू, एका मंगाच्या नायिकांच्या मागे

टोकियोच्या एबिसू स्टेशनवर यामानोते लाइनची गाडी सुटताना जी धून वाजते ती बियरच्या जाहिरातीतली आहे, आणि स्टेशनचं नावच मुळात बियरवरून पडलंय. इथे पूर्वी दारूचा मोठा कारखाना होता, तो हलवल्यावर त्या जागेवर १९९४ साली एबिसू गार्डन प्लेस उभं राहिलं. स्टेशनमधून सरकत्या पट्ट्यावर उभं राहायचं, पाचएक मिनिटांत थेट आत. ऑफिसेस, रेस्टॉरंट्स, मागे फ्रेंच वाड्यासारखी एक इमारत आणि मधे घड्याळाचा चौक. मला बघायचा होता तो हाच चौक, बाकी टोकियो नंतर.

ज्यांनी 'हाना योरी दांगो' बघितलंय त्यांना कळलंच असेल. योको कामिओ यांची ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९२ पासून 'मार्गारेट' पाक्षिकात यायला लागली आणि दहाएक वर्षं चालली. गोष्ट साधी आहे, अतिश्रीमंतांच्या शाळेत शिकणारी गरीब घरातली मुलगी, शाळेवर राज्य करणारी एफ फोर नावाची चार पोरांची गँग, त्यांनी लॉकरमध्ये लाल चिठ्ठी लावली की अख्खी शाळा त्या मुलाच्या जिवावर उठते, आणि ही मुलगी त्या गँगच्या म्होरक्यालाच उलटा ठोसा लगावते. त्यावर तैवानने २००१ साली मालिका केली, जपानने २००५, कोरियाने २००९, चीनने २०१८ आणि थायलंडने २०२१ मध्ये. सगळीकडे चर्चा कायम हिरोंची. कोरियाचा हिरो ली मिन-हो एका रात्रीत स्टार झाला, जपानच्या मात्सुमोतो जुनचे केस वगैरे. मला मात्र पहिल्यापासून त्या मुलीत इंटरेस्ट. एकच मुलगी पाच देशांत कशी बदलत जाते ते बघायला मी या मालिका पुन्हा पुन्हा बघितल्यात, आणि यावेळी धाकट्या बहिणीला बरोबर घेऊन टोकियो आणि कोरिया एकाच ट्रिपमध्ये बसवलं.

तर तो चौक. जपानी मालिकेत गँगचा म्होरक्या दोम्योजी नायिकेला, त्सुकुशीला, परस्पर सांगून टाकतो, शनिवारी एक वाजता घड्याळाच्या चौकात ये, उशीर केलास तर बघ. ती हो म्हणतच नाही. तिकडे पाऊस सुरू होतो, हा भिजत उभा, आणि ती किती तरी उशिरा छत्री घेऊन येते. मी त्या घड्याळाखाली उभी राहून चारी बाजूंनी बघितलं. चौक एकदम मोकळा आहे, कुठूनही आत या, कुठूनही बाहेर पडा, स्टेशन हाकेच्या अंतरावर. आम्ही होतो तेव्हा एक आजी कुत्र्याला घेऊन बाकावर बसल्या होत्या आणि ऑफिसातली माणसं डबे घेऊन चाललेली. म्हणजे तिला लांबूनच बघून परत जाता आलं असतं, कोणाला कळलंही नसतं. तरी ती पुढे आली. पुढे दोघं लिफ्टमध्ये अडकतात ते सगळं ठीक आहे, पण त्सुकुशी म्हणजे काय ते मला त्या चौकात समजलं. तिच्यावर कोणाची जबरदस्ती चालत नाही, ती येते ती एक माणूस पावसात उभा आहे हे तिला सहन होत नाही म्हणून येते. अभिनेत्री इनोउए माओने तिला असंच केलंय, छोटीशी, कपाळावर आठी, चालताना पाय आपटत, आणि शाळा सुटली की दांगोच्या दुकानात काम. वडिलांची नोकरी जाते, आईवडील मासेमारीच्या गावाला निघून जातात आणि ही मागे राहते. ते सीन बघताना दया येत नाही, तिच्याबद्दल आदर वाटतो.

त्या दिवशी आम्ही दांगो पण खाल्ले, तांदळाच्या पिठाचे गोळे काडीला लावून भाजलेले, वर सोयासॉसचा गोड-खारट चिकट पाक. गरम खायचे, गार झाले की चिवट होतात.

सोलला तोच सीन नामसान डोंगरावर नेलाय. 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' या कोरियन मालिकेत तिथला म्होरक्या जून-प्यो बर्फात चार तास उभा असतो आणि तिथली नायिका जान-दी धापा टाकत वर पोचते, मग रात्री दोघं केबल कारमध्ये अडकतात. ही केबल कार १९६२ पासून चालू आहे. म्योंगदाँगकडून चढ चढत स्टेशनला पोचेपर्यंतच पोटऱ्या दुखायला लागल्या, मग रांग, मग डब्यात सगळे उभ्याने. काचेतून खाली झाडं, त्यापलीकडे शहर पसरलेलं. वर टॉवरपाशी कठड्याला जोडप्यांनी लावलेली कुलपं, हजारोंनी असतील, एकावर एक लटकलेली. जागा सुंदर आहे यात वादच नाही. पण मालिकेत तिला इथे यायचं म्हणजे डोंगर चढायचा आणि उतरायचं तर दुसऱ्या कोणीतरी चालवलेल्या डब्यातून. रात्री ती केबल कार बंद होते आणि संपलं. जान-दीचं मालिकाभर असंच होतं, तिला सतत कुठे तरी उचलून नेलं जातं, पार न्यू कॅलेडोनियाच्या बेटापर्यंत, आणि परतीचा रस्ता तिच्या हातात नसतो.

आणि याचं मला जास्त वाईट वाटतं कारण सुरुवात काय जबरदस्त आहे! तिच्या घरचं ड्रायक्लीनिंगचं दुकान, ती कपडे द्यायला त्या शाळेत जाते आणि गच्चीवरून उडी मारायला निघालेल्या मुलाला वाचवते, पेपरात बातमी होते, बदनामी झाकायला शाळा तिला स्विमिंगवर स्कॉलरशिप देते. मूळ मंगात पोहणं नाहीये, ते कोरियाने दिलं, आणि कल्पना एक नंबर आहे कारण पाण्यात तिला कोणी हरवू शकत नाही. पण पुढे जून-प्योला वाचवताना खांद्याला मार बसतो आणि तिचं पोहणंच सुटतं. प्रेमाची किंमत तिने मोजायची, ती पण अंगाने. जान-दी करणाऱ्या कू हे-सनच्या कामाला मी कधीच नावं ठेवणार नाही, डोळे मोठे करून भांडणारी तिची जान-दी मला आवडते, लिहिणाऱ्यांनी तिला रडवलं जास्त.

त्यातल्या शाळेचं बरंच शूटिंग देगूच्या केम्योंग युनिव्हर्सिटीत झालंय. सोलहून केटीएक्स या वेगवान गाडीने दोन तासांच्या आत देगू, तिथून मेट्रोची दोन नंबरची लाइन, स्टेशनचं नाव युनिव्हर्सिटीचंच आहे. लाल विटांच्या इमारती, त्यावर चढलेले वेल, मोठे पांढरे खांब. मुलं सॅक लावून लेक्चरला पळत होती आणि आम्ही दोघी पायऱ्यांचे फोटो काढत होतो, कोणी ढुंकून बघितलं नाही. जेवायला ज्यूकच्या, म्हणजे कोरियन पेजेच्या, दुकानात गेलो, कारण जान-दी मैत्रिणीबरोबर पार्टटाइम काम करते ते ज्यूकच्याच दुकानात. भोपळ्याचं घेतलं, आजारपणात आई करते त्या मऊ भातासारखं लागलं, फक्त गोडसर.

तिथेच बहिणीशी वाजलं. तिचं म्हणणं, तू जान-दीवर अन्याय करतेस, शेवटी ती मेडिकलला जाते, जून-प्यो परत येतो तेव्हा ती डॉक्टर व्हायच्या मार्गावर असते, आणि तुझ्या त्सुकुशीचं काय, २००८ च्या पिक्चरमध्ये लग्न होऊन संपलं. हा मुद्दा मला खोडता येत नाही. त्सुकुशी पुढे काय काम करते हे जपान्यांनी नीट सांगायला हवं होतं.

तैवानला आम्हाला जाता आलं नाही, आणि जायचं तर खरं जियायीजवळच्या चुंग चेंग युनिव्हर्सिटीत जायचंय कारण तैवानची मालिका 'मीटिअर गार्डन' तिथे शूट झाली. तिथली नायिका, बार्बी शूची शान त्साय, खऱ्या कलाकारांच्या टीव्ही मालिकांमधली सगळ्यात पहिली, आणि सगळ्यात खरखरीत. घसा फाटेपर्यंत ओरडते, रडते तेव्हा नाक पण वाहतं. चीनने २००२ मध्ये ती मालिका बंद केली, पोरांवर वाईट परिणाम होतो म्हणून. बार्बी शू फेब्रुवारी २०२५ मध्ये गेली, जपानच्या प्रवासात फ्लू होऊन न्यूमोनिया झाला, वय फक्त ४८. ती बातमी वाचून मी त्या रात्री पहिला एपिसोड परत लावला.

तिच्यानंतर २०१८ चा चिनी रिमेक बघवत नाही मला. प्रोड्युसर तैवानच्या मालिकेचीच, अँजी चाय, पण लाल चिठ्ठीच्या जागी जोकरचा पत्ता आणि ब्रिजचा डाव! अहो, छळच नाही तर ती मुलगी लढणार कशाशी? नायिका शेन युए गोड आहे, हसते छान, पण तिच्या ठोशाला वजनच येत नाही कारण समोरचा फार वाईट नाहीच.

थायलंडची नायिका गोरया याच्या बरोबर उलट. ती भूमिका करणाऱ्या तोन्तवानचं काम शांत आहे, गोरया फुलांच्या दुकानात काम करते, आरडाओरडा कमी. पण त्या मालिकेने छळाला छळ म्हटलंय, लाल कार्ड मिळालेल्या मुलांचं पुढे काय झालं ते दाखवलंय, सगळ्यांच्या हातातले मोबाइल दाखवलेत. हिरोला माफी फुकट मिळत नाही. बहीण आणि मी एका बाबतीत एकमत झालो, की त्सुकुशीच्या सगळ्यात जवळची तीच आहे, आवाज लहान असला तरी. कोणाला थायलंडची मालिका बघायची असेल तर पहिल्या दोन भागांवर थांबू नका, सोळाच भाग आहेत, आणि गोरया खरी उभी राहते ती मधल्या भागांत.