कधीतरीच हँग होणारा सर्व्हर

एकदा उठला की महिनोन्महिने तक्रार न करणारा सर्व्हर रीबूटच्या वेळी मात्र मधूनच हँग होतो. वीस वेळा नीट येतो, एकविसाव्या वेळी स्क्रीन काळीच राहते. असा दोष शोधताना सर्वात जास्त वेळ जातो तो घाईच्या निष्कर्षांमुळे. काहीतरी बदललं, दहा रीबूट नीट झाले, म्हणजे काम झालं असं धरलं जातं. पण दोष पन्नासात एकदा येत असेल, तर काहीही दुरुस्त न करता सलग १० रीबूट सुखरूप होण्याची शक्यता ८२ टक्के असते. सलग ५० होण्याचीही ३६ टक्के. ती ५ टक्क्यांखाली आणायला सुमारे १५० रीबूट लागतात. म्हणून आधी मशीनला हात न लावता किती रीबूटमागे एक हँग येतो ते मोजा. पुढे कुठलाही बदल केल्यावर त्या आकड्याच्या तिप्पट रीबूट सलग पार पडल्याशिवाय त्या बदलाला श्रेय देऊ नका.

मोजणी हाताने होत नाही. सिस्टमडीचा (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामचा) टायमर लावा: बूटनंतर दोन मिनिटांनी फाइलमध्ये क्रमांक आणि वेळ लिहायची, सिंक करायचं (म्हणजे लिहिलेलं लगेच डिस्कवर उतरवायचं), रीबूट द्यायचा. दोन मिनिटं हवीतच, नाहीतर लॉगिन करून हे चक्र थांबवायला सवड मिळत नाही. ठरावीक नावाची एक फाइल जागेवर असेल तरच रीबूट, अशी अटही घाला. मग ती फाइल उडवली की चाचणी बंद.

आता मुख्य प्रश्न, हँग नेमका कुठे होतो. बूट पॅरामीटरमधलं ‘क्वाएट’ (बूटचे संदेश लपवणारा शब्द) काढा आणि कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा, कन्सोल सिरियल पोर्टवर ११५२०० बॉड वेगाने वळवा. बीएमसी म्हणजे सर्व्हर बंद असतानाही चालणारी, दुरून देखरेख करणारी मदरबोर्डवरची चिप. तिच्या सिरियल ओव्हर लॅनमधून (नेटवर्कवरून मिळणाऱ्या सिरियल पोर्टमधून) येणारा सगळा मजकूर दुसऱ्या मशीनवर वेळेसकट साठवत राहा. हँग झालेल्या सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवरच्या जर्नलवर (सिस्टमडीच्या लॉगवर) विसंबू नका. शेवटच्या, सर्वात कामाच्या ओळी बहुधा तिथे पोचलेल्याच नसतात. बीएमसीचा इव्हेंट लॉग साठवून रिकामा करा आणि त्याचं घड्याळ सर्व्हरशी जुळवा. लॉग भरलेला असला की अनेक मशीनवर नव्या नोंदी सरळ गळतात.

साठवलेल्या मजकुरात ‘रिस्टार्टिंग सिस्टम’ ही ओळ शोधा. कर्नल ती लिहितो तोवर सर्व्हिस थांबलेल्या असतात आणि ड्रायव्हरांनी आपापली उपकरणं बंद केलेली असतात. ती ओळ आलीच नाही तर दोष रीसेटच्या आधीच्या टप्प्यातला: अडकलेलं एनएफएस माउंट (नेटवर्कवरून जोडलेला फोल्डर), न थांबणारी सर्व्हिस, किंवा बंद होताना लटकलेला ड्रायव्हर. सिस्टमडी प्रत्येक सर्व्हिसला थांबायला मुळात ९० सेकंद देतो, तेव्हा दीड मिनिटाची शांतता म्हणजे हँग नव्हे. ती ओळ येऊन पुढे काहीच नसेल, तर बीएमसीत पोस्ट कोड पाहा (फर्मवेअर सुरुवातीच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगणारा आकडा). कोड हललेलाच नसेल तर रीसेटच लागू झालेला नाही. कर्नलच्या ‘रीबूट’ पॅरामीटरने रीसेटच्या नेहमीच्या एसीपीआय पद्धतीऐवजी ईएफआय किंवा पीसीआय पद्धत वापरून पाहा. कोड मेमरी ट्रेनिंगवर (फर्मवेअर मेमरीचे सिग्नल जुळवतं त्या टप्प्यावर) असेल तर धीर धरा. भरपूर डीडीआर५ मेमरी असलेल्या मशीनवर ट्रेनिंगला काही मिनिटं लागू शकतात, आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. १५ मिनिटांच्या आत हँग म्हणू नये.

ग्रब, म्हणजे कर्नल लोड करणारा बूटलोडर, हाही फसवतो. मागचा बूट अर्धवट राहिला असेल तर काही ठिकाणी तो मेनू उघडून बसतो, आणि सिरियल लाइनवरचा कचरा त्याला कळ दाबल्यासारखा वाटून उलटी मोजणी थांबते.

कर्नल वर येताना अडकत असेल तर बीएमसीचा वॉचडॉग (प्रतिसाद न देणाऱ्या मशीनवर नजर ठेवणारा टायमर) चाचणीपुरता बंद ठेवा. तो मशीन रीसेट करतो आणि पुरावा पुसतो. त्याऐवजी केडंप (कर्नल कोसळल्यावर मेमरीची प्रत साठवणारी सोय) तयार ठेवून, अनोळखी एनएमआयवर (कर्नलला टाळता न येणाऱ्या इंटरप्टवर) पॅनिक करण्याची, म्हणजे मुद्दाम कोसळण्याची, सेटिंग चालू करून, बीएमसीतून एनएमआय पाठवा. केडंपची सर्व्हिस सुरू झाल्यानंतर हँग झाला असेल तर कर्नल कुठे थांबला होता ते डंपमध्ये मिळतं; त्याआधी झाला असेल तर सिरियल कन्सोलवरचा पॅनिकचा मजकूर पाहा.

दोष फर्मवेअरकडे की ऑपरेटिंग सिस्टमकडे, हे ठरवायला केएक्झेकसारखी चाचणी नाही. त्यात फर्मवेअर वगळून नवा कर्नल थेट सुरू होतो. साध्या रीबूटला पन्नासात एकदा अडकणारं मशीन केएक्झेकने १५० वेळा नीट उठलं, तर संशय फर्मवेअर, मेमरी ट्रेनिंग किंवा एखाद्या कार्डाच्या रीसेटवर जातो. उलट निकालावर मात्र तेवढा भरवसा नको, कारण रीसेट न मिळालेली कार्डं केएक्झेकमध्ये वेगळ्याच कारणाने रुसतात.

मग रीसेटचे प्रकार वेगळे करा. साध्या रीबूटमध्ये वीज जात नाही. बीएमसीतून पॉवर सायकल केलं तर मुख्य वीज जाते, पण स्टँडबाय वीज आणि खुद्द बीएमसी चालूच राहतात. ती जाण्यासाठी दोन्ही पॉवर सप्लायच्या केबल काढून अर्धा मिनिट थांबावं लागतं. फक्त साध्या रीबूटला हँग आणि पॉवर सायकलनंतर कधीच नाही, असं असेल तर एखादं कार्ड रीसेटनंतर मूळ स्थितीला येत नाही. एचबीए (डिस्क जोडणारं कार्ड), नेटवर्क कार्ड आणि एनव्हीएमई एसएसडीचं फर्मवेअर आधी बघा. फक्त थंड मशीन सुरू करताना हँग असेल तर पॉवर सप्लाय, सॉकेटमधला संपर्क आणि मेमरी. बीएमसीचं व्हर्च्युअल मीडिया (दुरून जोडलेली आभासी डिस्क) आणि केव्हीएमचा (अनेक मशीनना एकच कीबोर्ड-स्क्रीन जोडणाऱ्या स्विचचा) यूएसबी डोंगल काढायला एक मिनिट लागतं, तेव्हा ते आधीच काढून टाका.

मेमरी अर्धी काढून तपासताना मदरबोर्डच्या पुस्तिकेतला स्लॉटांचा क्रम पाळा, नाहीतर चाचणीतच नवा दोष घुसतो. एखादी स्टिक काढल्यावर हँग थांबला, तर तीच स्टिक त्याच स्लॉटमध्ये परत लावा आणि पुन्हा मोजा. हँग परत आला तर स्टिक आणि स्लॉट यांची अदलाबदल करून दोघांपैकी कोण ते पाहा. नाही आला तर स्टिक नीट बसलेली नव्हती, आणि ती काढून लावण्यानेच काम झालं.