मीठ शेवटी जातं कुठं? कोळसा, खारं पाणी आणि माझा थिसिस

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. ऊस, लिफ्टचं भरपूर पाणी, आणि मग हळूहळू सऱ्यांवर पांढरा खार फुटायला लागला, दोन एकर क्षारपड होऊन गेलं. हे आधीच सांगतो कारण १९८३ मध्ये कोलोरॅडोला एमएस करताना प्रोफेसरांनी तीन विषय पुढं ठेवले आणि त्यातला खाऱ्या पाण्यातून कोळसा वाहून न्यायचा विषय मी लगेच उचलला, तो याच कारणासाठी.

कोळशाची पाईपलाईन म्हणजे काय तर कोळसा साधारण एक मिलिमीटरपर्यंत बारीक दळायचा, वजनाने अर्धा कोळसा अर्धं पाणी असा काला करायचा आणि पंपाने ढकलायचा. अशी एक लाईन तेव्हा खरंच चालू होती, ॲरिझोनातल्या ब्लॅक मेसापासून नेवाडातल्या लाफलिनच्या मोहावी वीजकेंद्रापर्यंत, जवळजवळ ४४० किलोमीटर. पण तिला रोज १ कोटी लिटरच्या वर पाणी लागायचं आणि ते यायचं जमिनीखालून, ज्या गोड पाण्यावर होपी आणि नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या विहिरी आणि झरे आहेत त्याच पाण्यातून. दुसरीकडं कोलोरॅडो नदीत मीठ इतकं वाढलेलं की १९६१ नंतर मेक्सिकोच्या शेतकऱ्यांना मिळणारं पाणी पिकं जाळायला लागलं, भांडण दोन देशांत गेलं, आणि १९७४ मध्ये अमेरिकेला नदीचं मीठ कमी करायचा कायदा करावा लागला. मग विचार असा की नदीत मिसळणारं खारं पाणी वरच अडवायचं आणि त्यातूनच कोळसा न्यायचा, गोड पाणी वाचेल आणि नदीचं मीठही कमी होईल. मला तर हे ऐकूनच भारी वाटलं होतं.

आता प्रत्यक्ष काम. कोलोरॅडो नदीकाठच्या ग्लेनवूड स्प्रिंग्स गावाच्या बाजूला गरम पाण्याचे झरे आहेत, लिटरला २० ग्रॅमच्या आसपास क्षार, बहुतेक आपलं साधं मीठच, आणि ते सगळं नदीत जातं. परवानगीला दीड महिना गेला. पहिल्या खेपेला पाणी लोखंडी ड्रममध्ये आणलं ते चुकलंच, चार दिवसांत पाणी तांबूस झालं आणि गंजाची टेस्ट बाद. दुसऱ्या खेपेला प्लास्टिकचे कॅन नेले तर पाणी थंड झाल्यावर तळाला पांढरी साय बसलेली, बोटाला खरखरीत लागायची. गरम पाण्यातला वायू उडून गेला की चुना खाली बसतो, म्हणजे लॅबमधलं पाणी आणि झऱ्याचं पाणी एकच नाही हे तिथं कळलं. नंतर मी झऱ्यावरच रीडिंग घ्यायला लागलो.

काचेच्या बरण्यांत गोड्या पाण्यातला काला तासन् तास काळा गढूळ राहायचा आणि खाऱ्यातला बारीक कोळसा गुठळ्या धरून पटकन खाली बसायचा, वर नितळ पाणी. बघायला छान पण पाईपलाईनला ही धोक्याची खूण, कारण वीज गेली, पंप थांबला तर खाली बसलेला थर परत उठवता आला पाहिजे, चढावर तर जास्तच. गंजाचं म्हणाल तर पाण्यातला ऑक्सिजन आधी काढला तर पोलादाच्या पट्ट्या बऱ्या टिकल्या, नाहीतर टाचणीने टोचल्यासारखी भोकं.

हे सगळं पुढं चाललं होतं आणि मधेच घरून पत्र आलं. मी मोठ्या अभिमानाने विषय लिहून कळवला होता. आण्णांनी खालीवर ख्यालीखुशाली लिहून मधे एकच ओळ विचारली, "पाणी कोळशाबरोबर गेलं हे समजलं, मीठ शेवटी जातं कुठं?"

त्यावर मी आठवडाभर नुसता हिशोब करत बसलो. पाईपच्या शेवटी काल्यातलं पाणी काढावं लागतं, आणि सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवून पाणी वेगळं करायच्या यंत्रातून, काढलेल्या कोळशात माझ्याकडं २५ टक्के ओल राहत होती, म्हणजे टनभर कोरड्या कोळशामागं ३३३ किलो पाणी आणि त्यात साडेसहा किलोच्या वर मीठ. वर्षाला ५० लाख टन कोळसा धरला तर ३३ हजार टन मीठ थेट बॉयलरमध्ये! त्या मिठातलं क्लोरीन कोळशाच्या ०.४ टक्के भरत होतं आणि बॉयलरवाले ०.३ च्या वर गेलं की घाबरतात, नळ्या गंजतात, राखेचा थर चिकटून बसतो.

मग धुणं आलं. टनाला टन गोडं पाणी घालून धुतलं की मीठ चौथ्या हिश्श्यावर येतं, पण काल्याला तेवढंच पाणी लागतं, म्हणजे वाचवलेलं सगळं धुण्यातच गेलं की. अर्धा टन पाण्यात क्लोरीन ०.१६ वर आलं आणि तिथं मी थांबलो. गोडं पाणी निम्मं वाचतं, पूर्ण नाही. आणि धुतलेलं पाणी परत नदीत सोडायचं नाही, त्याला प्लास्टिक अंथरलेली तळी लागतात, उन्हात आटवायला. झऱ्याऐवजी नदीचं नुसतं पाणी घेतलं तर बॉयलरला त्रास जवळजवळ नाहीच, पण मग नदीतून मीठही फारसं निघत नाही.

थिसिसच्या तोंडी परीक्षेत एकाने स्पष्ट विचारलं की मग योजना चांगली का वाईट. मी म्हणालो तळ्याचा आणि धुण्याचा खर्च पहिल्या पानावर लिहिला तर चांगली, शेवटच्या पानावर ढकलला तर नाही. पास झालो. अशी पाईपलाईन झाली नाही, आणि ब्लॅक मेसाची गोड्या पाण्यावरची लाईन २००५ च्या अखेरीला वीजकेंद्राबरोबर बंद झाली.

कोणी आज खाऱ्या पाण्यावर असं काम करत असेल तर टेस्टची सुरुवात पाईपपासून करू नका, शेवटच्या ओल्या कोळशापासून करा, माझं पूर्ण एक सेमिस्टर वाचलं असतं. आण्णांना उत्तर लिहिलं तेव्हा ०.४ आणि ०.१६ दोन्ही आकडे लिहिले होते. त्यांनी उलट टपाली कळवलं, त्या दोन एकरात चर खणायला घेतलेत, खारं पाणी बाहेर काढायला, आणि ते ओढ्यात न सोडता कुठं न्यायचं ते तू आल्यावर बघू.